नळीतली साय

लोणावळ्याच्या बाजारातल्या एका लॅबनं आणि तिच्या वरच्या मजल्यावर बसणाऱ्या डॉक्टरनं माझ्या मुलीला फसवलं, आणि त्या कामात मी त्यांना मदत केली. ती खोटं बोलते असं त्यांनी कागदावर लिहिलं. मी ते खरं मानलं. त्यानंतरची सहा वर्षं तिनं एकटीनं काढली.

हे आधीच सांगून टाकतो. मला गोल गोल बोलता येत नाही. रागावतो लवकर, आणि राग धरूनही ठेवतो. घरच्यांना हे माहीत आहे, बाजारालाही माहीत आहे.

मी म्हशींचा व्यापारी. आमच्याकडं याला हेडी म्हणतात आणि हा शब्द कुणी मानानं उच्चारत नाही. म्हैस घेणारा म्हणतो हेड्यानं लुबाडलं, विकणाराही तेच म्हणतो. माझे आजोबा सुदुंबऱ्यात मेलेली जनावरं ओढायचे. दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी ते काम कायमचं टाकलं. वडील लोणावळ्यात रेल्वेच्या गँगमध्ये लागले. जिवंत जनावर विकत घेणारा आमच्या घरातला पहिला माणूस मी. जनावरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात, बोटं धरून भाव सांगायचा आणि तोंडानं हवापाण्याचं बोलत राहायचं. रुमालाखाली कुणाचं घराणं कळत नाही, फक्त बोटांचा जोर कळतो. मी तिथं मोठा झालो. आज भुशीच्या रस्त्याला माझा स्वतःचा गोठा आहे, घर आहे, आणि दोन्हींना माझ्याखेरीज कुणाचा हात लागलेला नाही, असं मी परवापरवापर्यंत म्हणत होतो.

म्हैस मी डोळ्यांनी कमी आणि हातानं जास्त बघतो. तिच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगा असतो. तिथं बोटं दाबली की जनावरानं अंगावर किती साठवून ठेवलंय ते समजतं. व्यायल्यावर पहिले काही आठवडे म्हैस खाते त्यापेक्षा जास्त देते. ते ती कुठून देते? ह्या साठ्यातून. पाठीवरची चरबी उतरते आणि कासेत येते. डेअरीवर मग त्याच चरबीला फॅट म्हणतात आणि तिच्यावर दुधाचा भाव ठरतो. म्हणजे माझं सगळं आयुष्य चरबी ओळखण्यात गेलं. एवढं ओळखणारा माणूस घरात आंधळा निघाला.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं तिच्यावरच सगळं फिरलं. धंद्याच्या सुरुवातीला माझ्याकडं दोनच म्हशी होत्या आणि मी गावच्या दूध केंद्रावर दूध घालायचो. एके दिवशी माझ्या दुधाची फॅट फार कमी लागली. केंद्राचा सचिव रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "पाणी घालतोस व्हय रं?" रांगेतले हसले. मी किटली तिथंच ठेवली आणि सांगितलं, उद्या सकाळी गोठ्यावर या, समोर पिळतो. ही आमच्याकडची जुनी रीत. दुधावर वाद झाला की पंच बोलवायचे, त्यांच्या डोळ्यांसमोर धार काढायची, आणि तेच दूध त्यांनीच नेऊन तपासायचं. दुसऱ्या दिवशी सचिवासकट पाच माणसं माझ्या गोठ्यात उकिडवी बसली होती. दूध चोख निघालं. मशीन बिघडलं होतं. सचिवानं माफी मागितली नाही, पण वहीतला आदल्या दिवशीचा आकडा लाल शाईनं खोडला, वर बरोबर आकडा लिहिला आणि बाजूला सही केली. ती लाल रेघ मला अजून दिसते. ही गोष्ट मी घरात शंभर वेळा सांगितली असेल. मुलगी जेवता जेवता ऐकायची.

मुलगी आठवीत गेली आणि तिचं अंग बदललं. हातपाय सुकायला लागले. बारीक झाले असं नव्हे. वरचा मऊपणा गेला आणि आतले स्नायू पिळलेल्या दोरासारखे दिसू लागले. पोटऱ्यांवर शिरा उठल्या. चेहरा मात्र भरलेला, हनुवटीखाली गोल. मानेवर काळा, जाड थर चढला. तिची आई तो मळ समजून डाळीचं पीठ लावून घासायची आणि पोरगी रडायची. शाळेतल्या खेळाच्या सरांना मात्र ती फार आवडली. त्यांनी तिला कबड्डीत घेतलं. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "भाऊ, कुणाची पोरगी ते सांगावं लागत न्हाई. तुमचंच अंग उचललंय."

माझी छाती फुगली. तरुणपणी माझे दंड बघायला माणसं थांबायची. कष्टाचं शरीर आहे, असं मी म्हणायचो.

तिची भूक भयंकर होती. चार भाकरी खाऊन उठायची आणि थोड्या वेळानं पुन्हा डबे उघडायची. माझी बहीण आली की टोमणे मारायची, "हिचं पोट हाय का कणगी? सासरची माणसं उपाशी मरतील गं!" पोरगी हसायची, आणि हसता हसता हात मागं घ्यायची. बायको म्हणायची, "खाऊ द्या. वाढीचं वय हाय." मी वेगळाच विचार केला. खंगलेल्या म्हशीला आपण काय करतो? खुराक वाढवतो. घरात दूधदुभतं होतं. मी तिला लोण्याचा गोळा, साजूक तूप, डिंकाचे लाडू, म्हैस व्याली की खरवस, सगळं समोर बसून खायला लावलं. हातपाय भरेनात. मग बायकोवर राग काढायचो, "तुझ्या माहेरची हाडंच तसली. कितीबी घाला, वाया." बायको ताट उचलून आत जायची.

ती दहावीनंतरच्या वर्षाला होती. पावसाळ्यातला रविवार. दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. पोटातून आरपार पाठीत जाणारी कळ. ती गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडली. मी तिला जीपमध्ये घातलं आणि रस्त्यावर आलो तर भुशी धरणाकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग, पार खालपर्यंत. भिजलेली पोरं गाण्यांवर नाचत होती, कणसं खात होती. मी हॉर्न दाबून धरला, खाली उतरून शिव्या दिल्या. एकजण म्हणाला, "अंकल, चिल करो ना, सब को जाना है." मी त्याच्या गाडीच्या टपावर मूठ मारली. मागं माझी मुलगी ओकत होती. बाजारातल्या दवाखान्यापर्यंत चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो.

डॉक्टर म्हणाले गॅस आहे. इंजेक्शन दिलं, कळ हळूहळू उतरली. चार दिवसांनी रक्त तपासा म्हणाले, उपाशीपोटी. लॅब त्यांच्याच खाली होती.

मी तिला सकाळी घेऊन गेलो. लॅबच्या मालकानं रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं आणि बाहेर येऊन तिला विचारलं, "बाळा, काय खाऊन आलीस?"

"काही नाही."

"खरं सांग. मी पप्पांना सांगणार नाही."

मी तिथंच उभा होतो. ती म्हणाली, "काका, खरंच काही नाही खाल्लं."

तो माझ्याकडं बघून हसला. दोन माणसं मुलांबद्दल हसतात तसं. म्हणाला, रक्त फिरवल्यावर वर पिवळं पाणी यायला पाहिजे, हिचं दुधासारखं पांढरं आलंय, हिनं सकाळी चांगलं तुपातलं हाणलंय. कागदावर एक ओळ छापून दिली. नमुना उपाशीपोटी घेतलेला नाही, तपासणीस अयोग्य.

आठवड्यानं पुन्हा गेलो. पुन्हा पांढरं. पुन्हा तीच ओळ. कागद घेऊन वर गेलो तर डॉक्टर खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "काका, पोरगी चोरून खाते. या वयात होतं असं. स्वयंपाकघराला कुलूप लावा."

मी लावलं. त्याआधी घरी येऊन तिच्या तोंडात मारली. ती गाल धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मी नाही खाल्लं." मी म्हणालो, "मग रक्त काय आपोआप पांढरं झालं?" सोळा वर्षांच्या मुलीकडं याचं उत्तर कुठून असणार? ज्यांच्याकडं असायला पाहिजे होतं ते खुर्चीत रेलून बसले होते.

किल्ली दोन वर्षं माझ्या करदोट्याला होती. तिची भूक काही कमी झाली नाही. ती मागायची बंद झाली, एवढंच. पोटात दुखलं तरी सांगेना. आम्हाला वाटायचं, बरी आहे. तिची आई कधीकधी लपवून भाकरी द्यायची, हे मला नंतर कळलं. नुसती भाकरी, तूप नाही, कारण तूप मी मोजून ठेवायचो. तिच्या आईच्या त्या कोरड्या भाकरीनंच तिला जगवलं असेल असं आता वाटतं.

ग्रॅज्युएट झाली आणि सुदुंबऱ्याकडच्या एका पॅकिंगच्या कंपनीत ऑफिसात लागली. वर्षभरानं कायम करायची वेळ आली तेव्हा कंपनीनं तपासणी केली. साखर फार वाढलेली निघाली. बावीस वर्षांची, अंगावर चरबीचा पत्ता नाही, आणि साखर. कंपनीनं उपाशीपोटीचा पूर्ण रिपोर्ट मागितला. त्या संध्याकाळी मी गोठ्यात होतो. ती दारात येऊन उभी राहिली. तिथं ती सहसा यायची नाही.

"पप्पा, ती सचिवाची गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितली?"

"का गं?"

"तुमच्या दुधासाठी तुम्ही पाच माणसं समोर बसवली. माझ्या रक्तासाठी एकदा तुम्ही समोर बसा."

मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. तो हात तसाच राहिला. सहा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. ज्या माणसानं आपल्यावरचा आळ एका रात्रीत धुऊन काढला, त्याला मुलीवर आळ आला तेव्हा ती रीत आठवली नाही. आठवली नाही म्हणतो, पण खरं म्हणजे गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी चाकणचा बाजार होता. मी म्हणालो, माझ्याबरोबर चल. पहाटे पाचला तिनं माझ्यासमोर ज्वारीची भाकरी आणि मीठ खाल्लं. मीही तेवढंच खाल्लं. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही असं ठरलं. टेम्पोत माझ्याशेजारी बसून ती वडगाव, तळेगाव करत बाजारात आली. मी तिला नजरेआड केलं नाही. तिला बाथरूमला जायचं झालं तेव्हा बाजारात भाजी विकणाऱ्या ओळखीच्या मावशीला बरोबर पाठवलं. मावशी परत येऊन म्हणाली, "आवं, पोरीवर पाळत ठिवताय का काय? चोरी केलीय का तिनं?" पोरगी म्हणाली, "मावशी, केली नाही हेच दाखवायचंय."

एक जुना हेडी माझ्याबरोबर सौद्याला बसला. रुमाल टाकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, आज पोरीला शिकवायला आणलंय जनू. बघा, तुमच्यापेक्षा जास्त भाव काढंल." मग तिच्याकडं बघून, "काय गं, खाल्लंस का काय? भज्या आणू?" भज्यांची कढई समोरच होती. दुपारचे बारा वाजले होते. तिनं माझ्याकडं बघितलं. परवानगी मागायला नव्हे. मी बघतोय ना, हे बघायला. त्या नजरेनं मी मान खाली घातली. तो सौदा माझ्या हातून बिघडला. बोटं चुकीची दाबली गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर त्याच लॅबमध्ये शिरलो. त्याच मालकानं रक्त काढलं, फिरवलं. नळी बाहेर आली. खाली गडद लाल आणि वर पांढरं. दूधच.

तो म्हणाला, "पुन्हा तेच, भाऊ. तुमच्या नजरेआड हिनं काहीतरी..."

"नजरेआड? पहाटेपासनं मी हिच्या सावलीत हाय. मी स्वतः उपाशी हाय."

"रक्त खोटं बोलत नाही हो."

"मग तू खोटं बोलतोस."

माझा हात त्याच्या कॉलरला गेला होता. मुलीनं तो सोडवला. त्यानं कॉलर नीट केली, कॉम्प्युटरपाशी गेला आणि कागद काढून दिला. तीच ओळ. मी म्हणालो, मी समोर होतो ते लिही. तो म्हणाला, तशी सोय नाही. ते वाक्य तिथं तयारच होतं, नुसतं बटण दाबायचं. मी ती नळी स्टँडमधून उचलली आणि खिशात घातली. त्यानं अडवायची हिंमत केली नाही.

घरी फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी नळी उभी करून ठेवली. सकाळी काढून खिडकीशी धरली. पांढऱ्यावर एक जाड, पिवळसर थर जमला होता. मी आयुष्यभर बघत आलोय, मला सांगायला कुणी नको होतं. ती साय होती. माझ्या मुलीच्या रक्तावर साय धरली होती. बायको येऊन म्हणाली, "काय हाय ते?" मी नळी तिच्या हातात दिली. तिनं बघितली, आणि पदर तोंडाला लावला. मुलीनं दोन्ही दिवसांत एक शब्द वाकडा काढला नाही. एवढंच म्हणाली, "आता पटलं?"

कंपनीच्या ऑफिसातल्या एका बाईंनी पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंचं नाव दिलं. हार्मोनच्या डॉक्टर. मी बर्फाच्या डब्यात नळी घेऊन गेलो. त्यांनी नळी बघितली, पण मुलगी खाऊन आली होती का हे विचारलं नाही. मुलीला आत नेलं, मांडीवरची कातडी चिमटीत धरायला बघितली, दंडावर बघितली. चिमटीत काही आलंच नाही. बाहेर येऊन म्हणाल्या, "किती वर्षांपासून भूक भागत नाही तुझी?" आणि माझी मुलगी, जी तीन रिपोर्टना रडली नाही, ती रडायला लागली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. चरबी म्हणजे घाण नव्हे, अंगाचा एक अवयव आहे, हृदय किंवा यकृत आहे तसा. दोन कामं करते. खाल्लेलं तूप-तेल सांभाळून ठेवते, लागेल तसं सोडते. आणि डोक्याला निरोप पाठवते की आता पुरे, भरलंय. माझ्या मुलीच्या हातापायांतली, पाठीवरची चरबी वयात येताना गेली. ती जन्मतःच तशी लिहून आली होती. साठवायला जागा नाही, म्हणून खाल्लेली चरबी रक्तात हिंडते, यकृतात शिरते, साखरेचं काम बिघडवते. आणि निरोप द्यायला पुरेशी चरबी नाही, म्हणून भूक थांबत नाही. पोटातली ती कळ गॅसची नव्हती, स्वादुपिंड सुजलं होतं. तसं पुन्हा जोरात झालं असतं तर जीव गेला असता.

मी म्हणालो, "म्हणजे बाई, म्हैस पाठीवर ठिवती ते हिला ठेवायला पाठच न्हाई."

त्या म्हणाल्या, "बरोबर. आमच्या विद्यार्थ्यांना हे समजायला वेळ लागतो."

"मला समजून काय उपयोग? मी तीन वर्षं हिला समोर बसवून तूप पाजलंय, आणि मग कुलूप लावलंय."

त्यावर त्यांनी औषधं लिहायला कागद पुढं ओढला. ते बरं केलं. कुणी समजूत घातली असती तर मी त्यांच्याशीही भांडलो असतो.

औषधाचं सांगितलं तेव्हा मला ते उलटं वाटलं. जगभर माणसं साखरेसाठी चरबी उतरवायला धडपडतात, आणि ह्या म्हणाल्या, एक गोळी अशी आहे जी हिच्या उरल्यासुरल्या चरबीच्या पेशींना साठवायला लावील. मी विचारलं, "चरबी वाढवायची? साखरेवर?"

"वाढवायची म्हणजे तिला तिच्या जागी बसवायची. रक्तातली आणि यकृतातली उचलून जिथं असायला पाहिजे तिथं." चरबी जो निरोप पाठवते तो बनवून इंजेक्शनातून देतात असंही एक औषध परदेशात आहे, पण ते इथं सहज मिळत नाही आणि हिच्यासारख्या सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तोवर गोळ्या, इन्सुलिन, आणि तूप-तेल जवळजवळ बंद. मी इन्सुलिनची किंमत कमी होते का विचारलं. सवय. मुलगी म्हणाली, "पप्पा, इथं रुमाल नाहीये." तिघंही हसलो. बऱ्याच वर्षांनी.

निघताना डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "तुमची पँट गुडघ्यापर्यंत वर घ्या."

"मला काय झालंय?"

"घ्या तर."

मी घेतली. त्यांनी पोटरीवर बोटं ठेवली, शिरांवरून फिरवली, मग दंड बघितला. अगदी मी म्हशीला बघतो तसं. "साखर आहे का तुम्हाला?" थोडी होती, पाच वर्षांपासून. "वडिलांना?" रेल्वेत असतानाच साखरेमुळं त्यांचा पाय काढावा लागला होता. "पुरुषांमध्ये हे दिसून येत नाही," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं कमावलेलं शरीर आहे."

दीड महिन्यानं रक्ताची मोठी तपासणी आली. माझ्यात आणि मुलीत एकच दोष. तिच्या आईत काही नाही. जे दंड मी कष्टानं कमावले म्हणून मिरवले ते मला बापाकडून आयते आले होते, आणि तेच मी मुलीला दिले होते. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तवा उतरवला आणि म्हणाली, "माझ्या माहेरी फोन करा. त्यांनाबी सांगा."

केला. सासऱ्यांना सगळं सांगितलं, आजवर तुमच्या हाडांना नावं ठेवली, चुकलो. ते म्हणाले, "व्हय का? बरं. जेवलात का?" मी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन बसलो.

आता मुलगी बरी आहे. रक्ताची नळी फिरवली की वर पाणी पिवळं येतं, थोडं गढूळ. इंजेक्शन स्वतः घेते. भूक अजून लागते, पण आता ती तोंडानं सांगते. आमच्या घरात तुपाचा डबा नाही. म्हशींच्या व्यापाऱ्याच्या घरात! पॅकिंगच्या कंपनीतली जागा मात्र गेली. खरा रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी दुसरी मुलगी घेतली. माझी मुलगी आता लोणावळ्यातच एका हॉटेलच्या ऑफिसात काम करते.

तिच्या फाइलीत सगळ्यात वर ते तीन कागद आहेत. पुण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, काढून टाक. ती काढत नाही. मागच्या महिन्यात तिनं ते माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, "सचिवानं लाल शाईनं खोडलं होतं ना? हे कोण खोडणार?"

मी गेलो. लॅबवाला म्हणाला, जुनं रेकॉर्ड राहत नाही. मी कागद दाखवले, तर म्हणाला, हा आमचा कागद आहे पण आता काही करता येत नाही. वर गेलो. डॉक्टर तेच, खुर्ची तीच. म्हणाले, "काका, फार दुर्मिळ आजार आहे. कुणालाही कळला नसता. आता बरी आहे ना मुलगी? मग?"

मी आवाज चढवला नाही. स्वतःलाच नवल वाटलं. म्हणालो, "आजार कळला न्हाई यासाठी मी भांडत न्हाई, डॉक्टर. मलाबी कळला न्हाई, मी तर तो अंगावर घेऊन फिरतोय. पण ती खोटी हाय हे तुमाला कसं कळलं, तेवढं सांगा."

ते घड्याळाकडं बघायला लागले. बाहेर पेशंट बसलेत म्हणाले.

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आधी तुम्ही लिहा. मग त्यांना सांगा." म्हणून मी हे लिहिलं. तिसऱ्या कागदाच्या मागं मी लाल पेननं लिहून सही केली आहे: त्या दिवशी मी पहाटेपासून समोर होतो, मुलगी उपाशी होती. पहिल्या दोन कागदांच्या मागं लिहिलं: मी समोर नव्हतो, तिला विचारलं नाही, आणि तिला मारलं. हे माझं. माझा हिशेब ती माझ्याशी करील, आणि करत आहे.

पण कागदाच्या पुढची बाजू माझी नाही. ती तुमची आहे. लॅबवाले, तुम्ही. डॉक्टर, तुम्ही. नळीत दिसलं ते पांढरं रक्त. ती खोटं बोलते हे नळीत कुठं दिसलं? त्या ओळीवर रेघ मारा, वर लिहा की मुलगी उपाशी होती, आणि बाजूला सही करा. तीन कागद घेऊन मी दर सोमवारी तुमच्या जिन्यात बसणार आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी नळीतल्या सायीबद्दल सांगीन. तुम्हा दोघांपैकी कुणीतरी खाली या आणि मला नको, तिला उत्तर द्या.